जुन्या कालव्यावर आवर्तन घेताय? या चुका टाळा

रब्बीचं पहिलं आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याची पाळी, सुटलं की दरवर्षी तीच रड. हेडच्या (कालव्याच्या सुरुवातीच्या) उसात गुडघाभर पाणी, टेलला (शेवटाला) चारी (छोटा पोटकालवा) कोरडी, मधेच कुठंतरी भराव (कालव्याचा मातीचा बांध) फुटलाय आणि सगळे मिळून पाटकऱ्याच्या (पाणी वाटणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नावानं ओरडतायत. कालवे जुने झालेत हे खरंच आहे, पण निरा डावा कालवा 1885 चा आहे आणि बारामती-इंदापूरकडची शेती आजही त्याच्यावर भिजते, म्हणजे वय हे एकच कारण नाही. बरंचसं नुकसान पाणी सुटायच्या आधीच्या पंधरा दिवसांत आणि पाणी चालू असताना आपणच करून ठेवतो.

गाळ काढताना जेसीबीला मोकळं सोडू नका

तासाचे पैसे देतोय तर जास्तीत जास्त खोदून घेऊ, असं सगळ्यांनाच वाटतं. पण चारीचा तळ ठराविक पातळीत आणि ठराविक उतारात बांधलेला असतो, लांबलचक पट्ट्यात तो फूटभर खाली नेला की पाण्याची पातळीपण खाली बसते आणि बाजूच्या विमोचकाच्या (शेताकडे पाणी सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाला पाणीच लागत नाही, मग शेतकरी म्हणतो एवढा गाळ काढला तरी पाणी कमीच कसं. शाखा अभियंत्याकडून चारीचा उभा छेद (तळाची पातळी आणि उतार दाखवणारा नकाशा) मागून घ्या, दर शंभर-दोनशे फुटांवर पातळीच्या खुंट्या मारा आणि ऑपरेटरला सांगा की खुंटीच्या खाली बकेट जाता कामा नये. बाजूचा उतार खरवडू नका. आणि काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवायचा म्हणजे पहिल्या पावसात तोच परत आत येणार, तो शेतात नेऊन टाका, फुकटचं खत आहे.

उलट, गाळापेक्षा झाडोऱ्याकडे लक्ष कमी जातं. बेशरम, पाणकणीस, लव्हाळा माजलेल्या चारीची वहनक्षमता साफ चारीच्या निम्म्यावर येऊ शकते. वेडी बाभूळ भरावावर असेल तर नुसती वरून छाटू नका, ती दुप्पट फुटते, आणि मोठं झाड तोडून खोड तसंच कुजू दिलं तर मुळांच्या जागी पोकळी राहते, पाणी तिथूनच वाट काढतं. खोड काढा, खड्डा थराथरानं ओली माती घालून धुमसून (ठोकून दाबून) भरा.

गळती दिसली की लगेच बाहेरून बुजवू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला पाणी झिरपताना दिसलं की लोक प्लास्टिकचा कागद, चिखल, पोती, मिळेल ते त्या तोंडावर दाबतात, पाणी तिथं थांबतं आणि दोन फुटांवर दुसरीकडून निघतं. आधी पाणी ओंजळीत घेऊन बघा. नितळ असेल तर नजर ठेवा, खूण करा, आवर्तन संपल्यावर दुरुस्ती करा. गढूळ येत असेल तर भरावाच्या पोटातली माती वाहून चालली आहे, तेव्हा वेळ घालवायचा नाही. वरच्या गेटवरून विसर्ग कमी करायला लावा आणि पाणी येतंय तिथं आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी असे थर टाका म्हणजे पाणी निघून जाईल पण माती अडेल. तोंड बंद करायचंच असेल तर ते आतून, कालव्याच्या बाजूनं.

27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि लोकांनी त्याची भरपूर चेष्टा केली. चेष्टा ठीक आहे, पण बिळांनी भराव पोकळ होतो हे खरंय, फक्त ती बिळं वर्षानुवर्षं दिसत असताना कुणी बुजवली नाहीत हा प्रश्न खेकड्याला विचारून उपयोग नाही.

आणि आपल्याकडची घूस म्हणजे रात्रीतून भराव फोडून टाकलेला पाइप. वरून माती लोटून दिली की झालं असं वाटतं, पण न धुमसलेल्या मातीत पाइपच्या बाहेरच्या अंगानं पाणी सरकतं आणि नेमका तिथंच कालवा फुटतो.

गेटशी कुस्ती नको

गेट अडकलं की चाकाला लांब पाइप लावून दोघं-तिघं लटकतात. बऱ्याचदा खाली दगड किंवा लाकूड अडकलेलं असतं, जोर लावला की स्क्रू वाकतो आणि मग गेट ना उघडतं ना बंद होतं. थोडं वर घ्या, पाण्याला कचरा वाहून नेऊ द्या, मग खाली सोडा. आवर्तनाच्या आठवडाभर आधी आटे घासून ग्रीस लावा आणि एकदा पूर्ण उघडझाप करून बघा, एवढंच.

मोठा कालवा एकदम बंद करणं पण वाईट. भिजलेल्या भरावातलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, समोरचा आधार अचानक गेला की आतला उतार ढासळतो, अस्तरीकरणाच्या (कालव्याला आतून दिलेल्या काँक्रीटच्या आवरणाच्या) लाद्या उचलल्या जातात. टप्प्याटप्प्यानं उतरवा. याचीच दुसरी बाजू म्हणजे अवकाळी पाऊस: रात्री पाऊस आला की प्रत्येक जण आपापलं दार बंद करून झोपतो, सगळं पाणी टेलकडे लोटतं आणि खालचा कालवा काठावरून फुटतो. पावसाची चिन्हं दिसली की कुणी कुणाला फोन करायचा आणि सांडव्याचं गेट कुणी उघडायचं हे आधीच ठरवून ठेवा.

मोजपट्टीवरचा आकडा डोळे झाकून मानू नका

पाणीवापर संस्थेला (लाभधारक शेतकऱ्यांच्या संस्थेला) घनमापनानं, म्हणजे मोजून, पाणी मिळतं, म्हणून हे समजून घ्या. स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमवर (पाणी मोजायच्या अरुंद पक्क्या बांधकामावर) खोली दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, साधारण पावणेतीन पट होतं. नव्वद अंशाच्या व्ही नॉचवर (पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर) तर साडेपाच पटींच्या वर. आणि खालच्या बाजूला गवतानं पाणी तुंबलं असेल तर पट्टी जास्त दाखवते आणि न मिळालेल्या पाण्याची पाणीपट्टी आपण भरतो. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) चोवीस तास म्हणजे सुमारे 24 लाख 50 हजार लिटर, तीन इंच पाणी द्यायचं तर साधारण आठ एकर. यापेक्षा फारच कमी भिजत असेल तर पाणी कुठं मुरतंय ते शोधा.

अस्तरीकरणाचं म्हणाल तर सरसकट मागणी करू नका. काळ्या मातीवर मुरमाचा थर न देता काँक्रीट केलं तर माती फुगून लाद्या फोडते, आणि पाझर बंद झाला की काठच्या विहिरी आटतात, निरा डाव्यावर याच कारणानं विरोध झाला. भरावाचा भाग आणि जास्त गळणारे पट्टे आधी घ्या.

शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याच्या 2005 च्या कायद्याखाली तुमची पाणीवापर संस्था चारी ताब्यात घेणार असेल तर संयुक्त पाहणी झाल्याशिवाय हस्तांतराच्या करारावर सही करू नका. चारीवरून स्वतः चालत जा, प्रत्येक तुटलेलं दार, गळका जलसेतू, बुजलेला विमोचक साखळी क्रमांकासकट (कालव्यावरचं अंतर दाखवणाऱ्या क्रमांकासकट) यादीत लिहून घ्या, फोटो जोडा, आणि दुरुस्ती कोण करणार ते त्याच कागदावर येऊ द्या.