केबिन क्रूचे जोडे: रुबाबही राहावा, पायही टिकावेत

केबिन क्रूच्या मुलाखतीसाठी जोडे घ्यायला नागपूरच्या बर्डी बाजारात गेलं की पहिली नजर हीलच्या उंचीवर जाते. तीन इंची पेन्सिल हील काचेमागे उठून दिसते आणि पायात घातली की बांधाही उंच वाटतो. पण मुलाखतीत त्या उंचीचा काही फायदा नाही. उंची अनवाणी मोजतात. एमिरेट्ससारख्या कंपन्या हात 212 सेंटिमीटरपर्यंत पोचतो का हे बघतात, तेही चवड्यांवर उभं राहून. उलट एकामागून एक फेऱ्या चालू असताना तीच हील दुपारनंतर चाल बिघडवते, आणि निवड करणारे चालणं-उभं राहणं बारकाईने बघत असतात. पाय ठणकत असताना चेहरा प्रसन्न ठेवणं फार अवघड आहे. जोडा मापात असेल, काळा रंग एकसारखा असेल, टाच झिजलेली नसेल तर 4 ते 5 सेंटिमीटरची ठोकळा हील पुरेशी रुबाबदार दिसते.

आधी मॅन्युअल, मग दुकान

नोकरी लागली असेल तर कंपनीचं ग्रूमिंग मॅन्युअल, म्हणजे पेहरावाच्या नियमांची पुस्तिका, वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नका. पुढून बंद, साधे, काळे कोर्ट शूज (वरून मोकळे, बिनलेसचे हीलचे जोडे) ही सर्वसाधारण अपेक्षा असते. पण हीलची किमान-कमाल उंची, केबिनमध्ये वेगळे सपाट जोडे चालतात का, ते कधी बदलायचे, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. जगभर नियम सैल होत आहेत. जपान एअरलाइन्सने 2020 मध्ये हीलची सक्ती काढली, युक्रेनच्या स्कायअपने 2021 मध्ये क्रूला चक्क स्नीकर्स दिले. तरी तुमच्यापुरता शब्द तुमच्या मॅन्युअलचाच, विशेषतः टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी पायात काय असावं याबाबत. आणीबाणीत बाहेर पडायची स्लाइड हवा भरलेल्या कापडाची असते. टोकदार हीलने ती फाटू शकते, म्हणून उडी मारण्याआधी अशा हील काढायला लावतात. सपाट, बंद आणि पायाला धरून बसणारा जोडा असेल तर तो काढावा लागत नाही आणि खाली काच-पत्र्यावरून धावता येतं. वरचा भाग अस्सल चामड्याचा असलेला बरा, कारण रेक्झिन, म्हणजे नकली चामडं, आचेने वितळतं.

माप

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. ड्युटी करताना पाय याच अवस्थेत असणार आहेत. कागदावर टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या आणि घरच्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. स्वतः वाकून काढली की वजन सरकतं आणि माप चुकतं. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी मोजा. ते अंगठाच असतं असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याची सर्वांत जास्त रुंदी. दोन पायांत फरक निघालाच तर मोठ्या पायाचा नंबर घ्या आणि लहान पायात पातळ इनसोल घाला.

आपल्याकडच्या यूके नंबरात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, युरोपियन नंबरात पावणेसातचा. त्यामुळे यूकेचा 4 घट्ट आणि 5 ढिला होत असेल तर युरोपियन नंबराचा जोडा बघा, मधलं माप बरेचदा तिथे सापडतं.

तो कागद कापून दुकानात न्या आणि जोड्याच्या तळव्यावर ठेवा. करंगळीच्या बाजूने कागद बाहेर येत असेल तर दुकानदार कितीही म्हणो की वापरून सैल होईल, तो जोडा परत ठेवा. चामडं रुंदीला थोडं ताणतं, लांबीला अजिबात नाही, आणि रेक्झिन तर कशालाच ताणत नाही. सपाट जोड्यात बोटापुढे 8 ते 10 मिलिमीटर मोकळी जागा हवी. कोर्ट शूजमध्ये एवढी ठेवली तर टाच निसटते, तिथे 5 मिलिमीटर पुरे. पण मग टोक गोल किंवा बदामी असायला हवं, निमुळतं नको.

दुकानात आणखी तीन गोष्टी हाताने तपासा. टाच आणि टोक धरून जोडा वाकवा: तो फक्त चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध वाकला तर आतली पट्टी, म्हणजे शँक, कमजोर आहे आणि पायाची कमान दोन दिवसांत दुखेल. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो चेपता कामा नये. आणि जोडा सपाट फरशीवर ठेवून वरून हलवा, हील डगमगली तर पायऱ्यांवर घोटा मुरगळणार. शँक स्टीलची असेल तर विमानतळावर प्रत्येक तपासणीत मेटल डिटेक्टर वाजू शकतो आणि जोडे काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात. फायबर किंवा नायलॉनची शँक असलेला जोडा मागून घ्या.

पाय पुढे का सरकतो

क्रूच्या पायांची बहुतेक दुखणी इथून सुरू होतात. हील वजन चवड्यावर ढकलते, वरून नायलॉनचे स्टॉकिंग्ज गुळगुळीत, आणि तिसरी गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही: सरळ उडतानाही विमानाचं नाक साधारण 2 ते 3 अंश वर असतं. म्हणजे शेपटीकडे जाताना तुम्ही उतारावरून चालत असता, बहुधा ट्रॉलीसकट. प्रत्येक पावलाला बोटं पुढे कोंबली जातात, टाचेमागे फट पडते, आणि ती फट बघून मुली आणखी लहान नंबर घेतात. त्याने बोटांचं दुखणं वाढतंच.

इलाज जोड्याच्या आत करायचा. चवड्याखाली जेल किंवा सिलिकॉनचा अर्धा इनसोल बसवा, त्याने पाय धरला जातो. टाच घासत असेल तर मागे मऊ कापडी पट्टी. पण चवडा जळजळत असेल तर मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याच्या हाडांना आधार देणारी छोटी उशी, लागतो, आणि तो जागेवर बसला नाही तर उलट जास्त दुखतं. जागा अशी काढा: तळव्यावर जिथे दुखतं त्या बिंदूला लिपस्टिक लावा, जोडा घाला, दोन पावलं चाला, जोडा काढा. आत ठसा उमटलेला दिसेल. पॅडचा पुढचा काठ या ठशाच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला यायला हवा. ठशावरच चिकटवला तर दुखऱ्या हाडावर खडा ठेवल्यासारखं होतं. दोन्ही जोड्यांत वेगवेगळा ठसा घ्या.

इनसोल घालायचे ठरले असतील तर ते घेऊनच दुकानात जा. मापाच्या जोड्यात मागाहून 3 मिलिमीटरचा पॅड घातला की तो जोडा घट्टच होणार.

केबिनमधली जोडी

नागपूर-मुंबईसारख्या सव्वा-दीड तासाच्या उड्डाणात सेवेला मिळणारा वेळ तासभरही नसतो. म्हणून केबिनचे जोडे झटकन घालता येतील असे हवेत, बक्कल किंवा लेस नको. मात्र दुकानात बेली म्हणून मिळणारे अगदी पातळ तळव्याचे जोडे टाळा. टाच एकदम जमिनीला टेकली की पोटरी आणि तळव्याची शीर ताणली जाते, आणि सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येऊ लागते. दीड ते अडीच सेंटिमीटरची रुंद टाच, आत जरा उशी आणि खाली खाचा असलेला रबर किंवा टीपीआरचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) तळवा बघा. पीव्हीसीचा तळवा स्वस्त असतो, पण थंडीत कडक होतो आणि गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, ओल्या फरशीवर घसरतो.

पाय कितीही आंबले तरी नुसत्या स्टॉकिंग्जवर केबिनमध्ये फिरू नका. भरलेली मोठी ट्रॉली 80 किलोंच्या आसपास जाते. तिचं चाक बोटांवरून गेलं तर बोट मोडतं.

ट्रॉलीच्या ब्रेकचाही जोड्याशी थेट संबंध आहे. लाल पेडलने ब्रेक लागतो, हिरव्याने सुटतो, आणि घाईत ते टोकाने ठोकरले जातात. उजव्या जोड्याचं टोक पांढरं पडलेलं दिसलं की कारण हेच. पेडल चवड्याखालच्या तळव्याने वरून दाबा. डाग पडलाच तर चामड्याला काळं क्रीम पॉलिश लावून, पाच मिनिटं सुकू देऊन ब्रशने घासा. रेक्झिनवर मेणाचं पॉलिश मुरत नाही, नुसतं चिकट होऊन धूळ धरतं. तिथे ओलसर कापड आणि काळ्या एज-पेंटचा (चामड्याच्या कडांना लावायच्या रंगाचा) बारीक हात पुरे. ज्यूस सांडला तर लगेच पुसा, साखर वाळली की त्या जागेची चकाकी जाते.

नवी जोडी थेट ड्युटीवर नेऊ नका. घरात फरशीवर, स्टॉकिंग्ज घालूनच, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग दोन तास, असे आठ-दहा दिवस द्या. एखाद्या जागी लाली दिसली तर ती फोड येण्याची जागा आहे, तिथे आधीच टेप लावा.

स्टॉकिंग्जबाबत थोडक्यात: पाय सुजत असतील तर 15 ते 20 एमएमएचजी (रक्तदाब मोजतात तेच एकक) दाबाचे, वर्दीला चालणाऱ्या रंगाचे कॉम्प्रेशन (पाय आवळून धरणारे) स्टॉकिंग्ज मिळतात. घोटा आणि पोटरीचं माप सकाळी घ्या आणि सकाळीच घाला, सूज आल्यावर नाही. मधुमेह किंवा पायाच्या रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

नागपूरचं ऊन आणि पाऊस

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. जोडे डिकीत ठेवले की तळव्याचं सोल्यूशन मऊ होतं आणि चवड्यापाशी सोल उलतो. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागी, बसपासून शिडीपर्यंतच्या चालण्यातही पातळ तळव्यातून चटका लागतो. चवड्याखाली तळवा किमान 5 मिलिमीटरचा असावा. पावसाळ्यात भिजलेले जोडे उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला, सावलीत पंख्याखाली दिवसभर राहू द्या. याचसाठी दोन जोड्या आलटून पालटून वापरायच्या: घामाचा ओलावा एका रात्रीत पुरता जात नाही. ठेवायला कापडी पिशवी घ्या, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पीयू (पॉलियुरेथेन) तळव्याचे जोडे "नंतर वापरू" म्हणून दोन-चार वर्षं डब्यात ठेवले तर हवेतल्या ओलाव्याने तळवा आतून कुजतो आणि घातल्यावर त्याचा भुगा होतो. पीयूचा जोडा घेतला की वापरायला काढा.

हीलच्या टोकावरची रबरी चकती 2 मिलिमीटर उरली की मोच्याकडून बदलून घ्या. खिळा उघडा पडला की टर्मिनलच्या ग्रॅनाइटवर टकटक वाजतं आणि पाय घसरतो, शिवाय हीलचं आवरण सोलवटलं तर ते पूर्ववत होत नाही. दोन्ही हीलच्या चकत्या एकदमच बदला, नाहीतर एक पाय मिलिमीटरभर उंच राहतो. एकीकडूनच झिजत असेल तर चालण्यात कल आहे, ती झिजलेली चकती डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये जळजळ किंवा मुंग्या, अंगठ्याच्या मुळाशी वाढत जाणारा उंचवटा, सकाळी टाचेत कळ: यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना रोजचे जोडे सोबत न्या.