विकत घेतलेली गाणी क्लाउडवर ठेवताय? या चुका टाळा

फ्लिपकार्टनं २०१२ च्या फेब्रुवारीत 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. सुटं गाणं काही रुपयांना, साध्या एमपी३ फाइलमध्ये, कसलंही कुलूप न लावता मिळायचं. २०१३ च्या जूनमध्ये ते दुकान बंदही झालं. पुढं गूगल प्ले म्युझिकवर गाणी विकत मिळू लागली. ती सेवा २०२० च्या अखेरीस गुंडाळली आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथला साठा पुसला गेला. मुदतीत यूट्यूब म्युझिककडे हलवलेली किंवा आपल्याकडे उतरवून घेतलेली गाणी तेवढी वाचली.

"आता कोण गाणी विकत घेतंय?" असं विचारणारे बेळगावातही भेटतात. घेणारे आहेत. शहापूर-टिळकवाडीतली नाट्यसंगीताची जुनी रसिक मंडळी घेतात, खानापूरकडचे भजनी मंडळवाले घेतात. कुमार गंधर्वांचा जन्म इथं जवळच सुळेभावीचा, १९२४ चा. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल तर धारवाड-हुबळीचेच. एका घरात मराठी अभंग, कन्नड हरिदासांची पदं आणि हिंदी भजनं एकाच फोल्डरात नांदतात. असा संग्रह वर्षानुवर्षं जमवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा फोन बदलताना जातो.

दुकानालाच बॅकअप समजणं

"एकदा घेतलं की कधीही परत उतरवता येतं" हे खरं आहे, पण दुकान चालू असेपर्यंत, ते गाणं दुकानात असेपर्यंत आणि तुमचं खातं तुमच्या हातात असेपर्यंत. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. तिथं घेतलेलं गाणं परत उतरवायला पैसे पडत नाहीत आणि आयक्लाउड या ॲपलच्या ऑनलाइन साठ्यातल्या फुकट ५ जीबीत त्याची जागाही मोजली जात नाही. आयफोनवर आयट्यून्स स्टोअर उघडा, 'मोअर'मध्ये 'पर्चेस्ड', मग 'म्युझिक', आणि तिथं 'नॉट ऑन धिस आयफोन' बघा. यादीत गाणं दिसतच नसेल तर ते कधीतरी चुकून लपवलेलं असू शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या खरेदीची वेगळी यादी असते, तिथून ते परत आणता येतं.

पण कंपनीनं अल्बमच मागं घेतला तर ही वाट बंद होऊ शकते. आपल्या भागातून दुबई-मस्कतला नोकरीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडं गेल्यावर ॲपल खात्याचा देश बदलला की जुन्या देशात घेतलेलं गाणं नव्या देशाच्या दुकानात असेलच असं नाही, आणि नसेल तर ते परत उतरत नाही. म्हणून आधी सगळं उतरवून घ्या, मग देश बदला. घरच्यांनी खरेदी वाटून घेण्याच्या ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही असंच आहे. मुलानं घेतलेली गाणी आई-वडिलांच्या फोनवर वाजतात, पण मुलगा गटातून बाहेर पडला की त्यांना ती मिळायची थांबतात.

२००९ च्या आधी परदेशात आयट्यून्सवर घेतलेली गाणी कुणाकडे असतील तर फाइलीच्या नावाचं टोक बघा. 'एम४पी' असेल तर ती कुलूपबंद आहे, परवानगी दिलेल्या यंत्राबाहेर वाजणार नाही. 'एम४ए' असेल तर काळजी नाही.

सबस्क्रिप्शनचं 'डाउनलोड' म्हणजे खरेदी नव्हे

स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक यांवर महिन्याचे पैसे भरून उतरवलेलं गाणं त्या ॲपच्या आतच राहतं. स्पॉटिफायला तर तीस दिवसांत एकदा तरी नेट दाखवावं लागतं. पैसे भरणं थांबलं की तो साठाही थांबतो. त्यामुळे अशा गाण्यांची फाइल शोधून गूगल ड्राइव्हवर चढवायच्या खटपटीत वेळ घालवू नका. संगणकावर फाइलीच्या माहितीत 'काइंड' समोर 'पर्चेस्ड' लिहिलं असेल तर ते गाणं तुमच्या खरेदीचं. 'ॲपल म्युझिक' लिहिलं असेल तर ते भाड्याचं.

फोनचा बॅकअप चालू आहे, म्हणजे गाणीही त्यात जमा झाली असणार

गाणी गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत सगळ्यात जास्त लोक या समजुतीतले असतात. "बॅकअप ऑन होता की ओ, मग गाणी कुठं गेली?" अँड्रॉइडचा बॅकअप संपर्क, मेसेज, सेटिंग, ॲपची माहिती आणि फोटो सांभाळतो. 'म्युझिक' किंवा 'डाउनलोड' फोल्डरातल्या एमपी३ फाइली त्यात जात नाहीत. गूगल फोटोजही फक्त फोटो आणि व्हिडिओ उचलतं. आयक्लाउडच्या बॅकअपातही गाण्यांच्या फाइली नसतात, खरेदीची नुसती नोंद असते आणि गाणं पुन्हा दुकानातूनच आणलं जातं.

म्हणजे गाणी क्लाउडवर, इंटरनेटवरच्या साठ्यात, स्वतः चढवावी लागतात. फोनवर ड्राइव्ह ॲप उघडून अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं की 'अपलोड' येतं. संग्रह मोठा असेल तर फोनवरून करूच नका, केबल लावून गाणी संगणकावर घ्या आणि तिथून चढवा.

जागेचा हिशोब आधी करा. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांचं नाट्यपद साधारण १४-१५ एमबीचं. फ्लॅक या आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या प्रकारातला तासाभराचा ख्याल ३०० एमबीच्या आसपास जातो. गूगलची फुकट जागा १५ जीबी, ड्रॉपबॉक्सची २ आणि वनड्राइव्हची ५. गूगलच्या १५ मध्ये जीमेल आणि फोटो मोजले जातात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. ती जागा भरली की नवा मेल येणंसुद्धा थांबतं. यावर तोडगा म्हणून काहीजण खास गाण्यांसाठी दुसरं जीमेल खातं काढतात आणि नंतर त्याकडं फिरकतही नाहीत. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. वेगळं खातं काढायला हरकत नाही, पण ते फोनमध्ये जोडून ठेवा आणि अधूनमधून उघडत राहा.

सिंकला बॅकअप म्हणणं

हा फरक समजला की निम्मी हानी टळते. सिंक म्हणजे दोन ठिकाणं सारखी ठेवणं. इकडं फाइल पुसली की तिकडचीही जाते. फोनची जागा मोकळी करणाऱ्या ॲपनं 'मोठ्या फाइली' म्हणून गाणी उडवली, किंवा घरातल्या कुणी लॅपटॉपवरचं फोल्डर नको म्हणून काढलं, की सिंक इमानेइतबारे क्लाउडवरूनही ती काढतं. गूगल ड्राइव्हच्या 'ट्रॅश'मध्ये फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते. वर्षातून एकदा गणपतीत किंवा आषाढी एकादशीला ऐकली जाणारी भजनं गेल्याचं तीस दिवसांत कुणाच्या लक्षात येणार?

संगणकावर ड्राइव्हचं ॲप बसवताना 'स्ट्रीम' आणि 'मिरर' (संगणकातही प्रत ठेवणारा) असे दोन पर्याय येतात. स्ट्रीम निवडलं तर फाइली संगणकात दिसतात, पण असतात क्लाउडवरच. ज्याला आपण घरची प्रत समजून बसतो ती घरात नसतेच. नेट बंद करून गाणं वाजवून बघा, वाजलं नाही तर उत्तर मिळालं.

माझं स्पष्ट मत असं की गाण्यांचा मूळ संग्रह कुठल्याही सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नये. तो संगणकावर वेगळ्या फोल्डरात असावा, त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि क्लाउडवरची प्रत ब्राउझरमधून हातानं चढवलेली. नवीन खरेदी झाली की त्याच दिवशी तिन्हीकडं टाकायची. कंटाळवाणं आहे, पण यात पुसण्याची चूक एका जागेपुरतीच राहते.

दोन्ही प्रती एकाच कपाटात

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांचं पाणी जिल्ह्यात किती घरांत शिरलं ते आपण पाहिलंय. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हमरस्त्यावर आलं होतं. लॅपटॉप टेबलावर आणि हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात. नदीकाठच्या गावात घर असेल तर क्लाउडची प्रत चैनीची नव्हे, गरजेची आहे. पैसे भरून जागा घ्यायची नसेल तर दुसरी डिस्क शहरातल्या नातेवाइकाकडं ठेवा.

अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण समजणं

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात करंट कधी जाईल आणि रेंज कधी येईल याचा नेम नसतो. डाउनलोड मध्येच तुटलं तर एमपी३ फाइल बहुधा तुटल्या जागेपर्यंत नीट वाजते. म्हणून कुणाला संशय येत नाही आणि महिन्यांनी कळतं की तराणा सुरू व्हायच्या आधीच गाणं संपतंय. तपासायला गाण्याची सुरुवात ऐकू नका, शेवटचं अर्धं मिनिट ऐका.

झिप, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याचं उलट असतं. झिपमधल्या फाइलींची यादी तिच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं तर अख्खी झिप उघडत नाही. अशी झिप दुरुस्त करत बसण्यापेक्षा लहान तुकड्यांत परत मागवा. गूगलमधला आपला साठा उतरवून देणाऱ्या गूगल टेकआउटमधून काढताना तुकड्याचा आकार निवडता येतो. कमी वेगाच्या नेटला १ किंवा २ जीबीचाच तुकडा घ्या, आणि लिंक साधारण आठवडाभरच चालते हे लक्षात ठेवा. ४ जीबीहून मोठी झिप पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. त्याची मांडणी फॅट३२ आहे आणि तिथं एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा असते.

सगळं चढवून झालं की मूळ आणि प्रत दोन्हीतल्या फाइलींची संख्या जुळते का बघा. ती जुळल्याशिवाय फोन रीसेट करू नका.

देवनागरी नावांचा घोळ

ही अडचण आपल्यासारख्यांचीच. लॅपटॉपवर नीट असलेली फाइल फोनवर कॉपी करताना अडते आणि कारण कळत नाही. अँड्रॉइडमध्ये फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार वेगळा मोजला जातो आणि प्रत्येकी तीन बाइट घेतो. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. रागाचं नाव, ताल, बंदिशीचे बोल, गायक, मैफलीचं ठिकाण असं सगळं नावात कोंबलं की मर्यादा ओलांडते. विंडोज मोजणी वेगळी करतं, म्हणून तिथं चालून जातं. नाव छोटं ठेवा आणि बाकीची माहिती टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत भरा.

टॅगमध्ये प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुधा ते जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीतले आहेत. त्यात देवनागरीला जागाच नाही आणि शीर्षकाला तीसच अक्षरं. 'एमपी३टॅग' हा विंडोजवरचा मोफत प्रोग्रॅम घेऊन टॅग २.३ आवृत्तीत युनिकोडसह (सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीनं) लिहा. गायकाचं नाव एकाच रीतीनं लिहायचं ठरवा. 'कुमार गंधर्व', 'पं. कुमार गंधर्व' आणि 'पंडित कुमार गंधर्व' हे प्लेअरला तीन वेगळे गायक वाटतात, त्यात कन्नड लिपीतलं नाव आलं की चौथा. झिप सोडल्यावर नावांच्या जागी भलत्याच खुणा आल्या तर ती '७-झिप' या प्रोग्रॅमनं सोडून बघा.

व्हॉट्सॲपवर 'ठेवणं' आणि लिंक वाटणं

स्वतःलाच व्हॉट्सॲपवर गाणं पाठवून ठेवलं की फाइलीचं मूळ नाव जाऊन तारखेचं नाव येऊ शकतं, आणि शंभर गाण्यांत कुठलं कुठलं ते कळत नाही. दर्जा वाढवायला एमपी३ला फ्लॅकमध्ये बदलूनही काही हाती लागत नाही. गेलेला तपशील परत येत नाही, जागा मात्र वाढते. आणि ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक 'कुणालाही' अशी उघडी करून मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका. स्वतःसाठी प्रत ठेवणं वेगळं, वाटणं वेगळं. त्यात गायकाचा हक्क डावलला जातो आणि तुमचं खातंही अडचणीत येतं.

खात्याची किल्ली एका सिमवर

सिम बंद पडलं की काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि ओटीपी त्याच्याकडं जातो. गूगल खात्यात आठ अंकी दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. वडिलांचा संग्रह त्यांच्याच खात्यात असेल तर हे आजच करा.

गेलीच असतील तर

आधी जुन्या मेलमध्ये 'रिसीट', 'इन्व्हॉइस', 'ऑर्डर' हे शब्द शोधा. कुठल्या दुकानातून, कुठल्या मेल पत्त्यावर घेतलं होतं ते बऱ्याचदा विसरलेलं असतं, आणि एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात. पावती मिळाली की त्याच खात्यानं दुकानात शिरून खरेदीची यादी बघा. ती रिकामी असेल तर ऑर्डर नंबर देऊन दुकानाच्या मदत विभागाला लिहा. तोवर क्लाउडचा 'ट्रॅश' तपासा. मग जुना फोन, त्यातलं मेमरी कार्ड, गाडीतला पेनड्राइव्ह. कार्डावरून फाइल पुसली गेली असेल तर त्यावर नवं काही साठवू नका, नाहीतर जुन्या गाण्याची जागा नव्या फोटोनं व्यापली जाते. कार्ड काढून बाजूला ठेवा आणि संगणकाला जोडूनच पुसलेल्या फाइली काढायचा प्रयत्न करा.