मैफिलीचा सिनेमा कसा बघावा, आणि चिवडा कधी खावा

गाण्यावरचा गंभीर सिनेमा बघायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘आधी थोडं शास्त्रीय संगीत शिकून घ्या.’ दुसरा, ‘डोकं बाजूला ठेवा, नुसते वाहून जा.’ पहिल्या सल्ल्याने माणूस घाबरून सिनेमाच बघत नाही आणि दुसऱ्याने तो चाळिसाव्या मिनिटाला घोरायला लागतो. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सात-आठ जण जमून असे सिनेमे बघतो, त्याला आता बारा वर्षं झाली. घोरणारे पाहिलेत, घाबरणारेही पाहिलेत. तेव्हा पद्धत सांगते, ती आमच्या बैठकीत घासून पुसून तयार झालेली आहे.

सिनेमा निवडा

पहिल्यांदाच बघत असाल तर भाषेची अडचण नको. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ घ्या. मराठी आहे, सव्वादोन तासांच्या आत संपतो, २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळवून आला आणि २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आहे. नाशिकच्या थिएटरात असले सिनेमे लागलेच तर सकाळी पावणेदहाला, एक आठवडा, तेवढ्यावर संपतं. फाळक्यांचं गाव म्हणून मिरवायला आम्ही पुढे, तिकीट काढायला मागे. दुसऱ्या फेरीला सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’, १९५८ चा. बंगाली येत नसेल तरी चालेल, का ते पुढे कळेल.

परीक्षणं आधी वाचू नका. यावर चर्चा नाही.

खोली

अंधार, आणि फोन दुसऱ्या खोलीत. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर या कामाला निरुपयोगी, तंबोरा त्यातून माशी घोंघावल्यासारखा येतो. साधे वायरवाले हेडफोन किंवा बरे स्पीकर जोडा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात संध्याकाळची बैठक ठेवू नका. ढोल पथकांची तालीम सुरू झाली की नाशकात विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल ऐकणं हा विनोद आहे. आम्ही एकदा केला तो प्रयोग. पडद्यावर गायक षड्ज लावून बसलेला आणि खिडकीतून ताशाची तर्री. सगळे हसत सुटले, सिनेमा बंद करावा लागला.

चिवडा नंतर. चिवडा खाणाऱ्या माणसाला स्वतःच्या दातांपलीकडचं काही ऐकू येत नाही, शेजारच्यालाही येत नाही.

पहिल्यांदा सरळ बघा

न थांबता, वही न उघडता. कंटाळा आला तर येऊ द्या, फक्त तो कुठल्या प्रसंगात आला एवढं ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

आता अवघड जागा: गाण्याच्या प्रसंगाचं करायचं काय?

इथे सगळे अडकतात. मीही तीन-चार वर्षं अडकले होते. लहानपणी पेटी शिकलेली, मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे पडद्यावर कोणी तान घेतली की माझी मान आपोआप हलायची आणि हात वहीकडे जायचा. राग अमुक, ताल तमुक, समेवर छान आले. वहीची पानं भरायची. मला वाटायचं मी विश्लेषण करतेय.

‘जलसाघर’च्या बैठकीला खालच्या मजल्यावरचे काका आले होते. आयुष्यभर तबला शिकवलेला माणूस. त्यातल्या वादळी रात्रीच्या मैफिलीवर मी पाच मिनिटं बोलले. गायकी, लय, गमक. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं, गाणं चाललं होतं तेव्हा कॅमेरा कुठे होता?”

मला सांगता येईना. खरंच येईना. मी म्हटलं, “गायकावर असेल ना, काका.”

“परत लाव,” ते म्हणाले.

परत लावलं. जमीनदार विश्वंभर राय जलसाघरात बसलेत. बाहेर वादळ आहे आणि त्यांची बायको-मुलगा त्याच वादळातून नावेने घरी यायला निघालेत. गाणं चालू आहे, पण गायक पडद्यावर थोडाच वेळ. बाकी वेळ छतावरचं झुंबर हलतंय, वीज चमकतेय आणि जमीनदाराची नजर जाते हातातल्या पेल्याकडे. पेल्यातल्या दारूत एक किडा पडलाय आणि धडपडतोय. नदीवर काय घडतंय ते आपल्याला दाखवलंच जात नाही, पेल्यातला किडा दाखवला जातो. बातमी नंतर येते. आणि मी, पेटीच्या परीक्षा दिलेली बाई, तो किडा पाहिलाच नव्हता! डोळे उघडे होते, पण मी राग ओळखण्यात दंग होते.

त्या दिवसापासून आम्ही एकच प्रसंग निवडतो, चार-पाच मिनिटांचा, आणि तो तीनदा लावतो.

पहिल्यांदा डोळे मिटून. हिला आमच्याकडे ‘पलुस्करांची फेरी’ म्हणतात. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशकात राहिले, त्यांचे गायक चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले, तेव्हा नाव फुकटचं नाही. डोळे मिटून फक्त काय काय ऐकू येतं ते म्हणायचं: गाणं, त्याखाली तंबोरा, त्याखाली पंखा, कोणाचा खोकला, लांबून गाडी, मेघगर्जना. रागाचं नाव घेणाऱ्याला चहा करायला पाठवतो. हा दंड मीच जास्त भरलाय.

दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. ही ‘फाळक्यांची फेरी’. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आवाजाशिवायच दाखवला, पुढे नाशकात बसून मूकपट काढले, लोकांना कथा कळत होती ना? मग आपल्यालाही कळेल. आवाज बंद केला की कॅमेरा उघडा पडतो. कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबलाय, गाणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या? लांबून बघतोय की जवळून? हलतोय की खुंटा ठोकल्यासारखा बसलाय? शॉट बदलतो तो किती वेळाने? मोजायचं असेल तर टेबलावर टिचकी मारून मोजा, घड्याळ नको. बंगाली न येणाऱ्यांनी ‘जलसाघर’ला घाबरू नका म्हटलं ते या फेरीमुळे.

तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. आता वही उघडा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे कान, उजवीकडे डोळे. जिथे दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतायत तिथे काही लिहू नका. जिथे दोन्ही बाजू भांडतायत तिथे खूण करा. ‘जलसाघर’च्या त्या पानावर डावीकडे भरात आलेली मैफल, उजवीकडे बुडणारा किडा. दिग्दर्शकाचं म्हणणं त्या रेघेवर असतं.

एक बजावून सांगते, फेऱ्यांचा क्रम बदलू नका. आधी चित्र पाहिलं की कान चित्रामागे फरफटत जातो. आम्ही उलटं करून पाहिलं होतं. सगळ्यांच्या डाव्या बाजूला एकच शब्द होता, ‘गाणं’.

दुसरं, प्रसंग लहानच घ्या. उत्साहाच्या भरात एकाने वीस मिनिटं घेतली. रात्रीचे साडेअकरा वाजले, वर पान कोरं.

हे ऐकू कोणाला येतंय?

वहीत खुणा झाल्या की प्रत्येक खुणेला हा एकच प्रश्न विचारा. पडद्यावरच्या माणसाला ऐकू येतंय, की फक्त आपल्याला? सोपा वाटतो. ‘द डिसायपल’मध्ये शास्त्रीय गाणं शिकणारा नायक शरद नेरुळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर चाललाय, सगळं संथ केलेलं, खाली तंबोरा आणि वर माईंचा, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंचा, आवाज. साधना कशी असावी, कलावंताने काय काय सोडावं, हे त्या सांगतायत. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, दिग्दर्शिका म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्याच. आता सांगा, ही शिकवण शरदच्या कानात आहे, डोक्यात आहे की फक्त आपल्यासाठी लावलीय? पहिल्या वेळी आमच्या खोलीत तीन तट पडले. फाळक्यांच्या फेरीत तो प्रसंग लावला तर दिसतो फक्त एक मुलगा, हळूहळू चाललेला. गाडी पुढे जातेय आणि मुलगा मात्र कुठे पोचत नाहीये असं वाटतं. पलुस्करांच्या फेरीत मात्र एवढी खात्रीची वाणी की ऐकणाऱ्याने आयुष्य ओवाळून टाकावं.

त्याच सिनेमाच्या सुरुवातीची मैफल अशीच तपासा. गातायत गुरुजी (ही भूमिका अरुण द्रविड यांची, ते स्वतः मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकर यांच्याकडे शिकलेले), पण आपली नजर नेऊन ठेवली जाते ती मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्यावर. सिनेमा कोणाचा आहे ते तिथेच सांगून टाकलंय. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडकही शिकलेले गायक आहेत, त्यामुळे ओठ हलतात एकीकडे आणि आवाज येतो तिसरीकडून असला प्रकार नाही.

गाणं कुठे तोडलंय

नेहमीच्या सिनेमात गाणं अंतऱ्यासकट पूर्ण होतं. या सिनेमांत ते तोडतात, आणि तोडलेली जागा फुकट नसते. टाळ्यांच्या आधी कट झालाय का? तान अर्धी असताना? की गाणाराच थांबला? ‘द डिसायपल’मध्ये शरद एका मैफिलीत मध्येच थांबतो आणि उठून निघून जातो. आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पूर्ण न झाल्याची कळ तबला ऐकणाऱ्या माणसाच्या पोटात उठते. काका त्या प्रसंगानंतर बराच वेळ मांडीवर बोटांनी ठेका पुरा करत बसले होते. पण ती कळ माझ्या वहिनीलाही लागली, आणि तिला त्रिताल आणि तीनपत्ती यातला फरक माहीत नाही. म्हणून म्हणते, संगीत शिकल्याशिवाय कळणार नाही हे खोटं आहे. कळतं. नाव देता येत नाही एवढंच.

चर्चा

आता चिवडा. कांदा-लिंबू वेगळं ठेवा.

नियम एकच: प्रत्येकाने आधी सिनेमात ऐकलेला एक आवाज सांगायचा, मग मत. ‘आवडला’, ‘संथ आहे’ यांनी सुरुवात झाली की गप्पा तिथेच मरतात. एका कार्यक्रमात वक्त्यांनी सिनेमा सुरू व्हायच्या आधीच पाऊण तास त्याचा ‘आशय’ समजावला होता. पुढचे दोन तास आम्ही फक्त तो आशय येतो कधी याची वाट बघत बसलो.

कंटाळा कुठे आला ते इथे काढा. ‘द डिसायपल’मधल्या लांबच लांब, न हलणाऱ्या मैफिलींना कंटाळलात? मग त्याच सिनेमात टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचे तुकडे आहेत ते आठवा: झगमगाट, निवेदन, परीक्षकांचं कौतुक. ते बघताना कंटाळा आला होता का? या प्रश्नावर आमच्याकडे नेहमी थोडी शांतता पसरते.

लिहिणं

तीनशे शब्द, एकच प्रसंग, पहिल्या तीन ओळींत फक्त काय दिसलं आणि काय ऐकू आलं. ‘अप्रतिम’, ‘तरल’, ‘अंतर्मुख करणारा’ हे शब्द आमच्या वहीत बंद आहेत. ‘प्रतीक’ हा शब्द वापरायचा तर आधी ती वस्तू काय आहे ते लिहा. किडा आधी किडा असतो, पेल्यात पडलेला, पाय झाडणारा.

शेवट लिहायला अडलात तर सिनेमाचाच शेवट घ्या. ‘द डिसायपल’ संपतो लोकलच्या डब्यात. शरद आता बायको आणि लहान मुलीसोबत बसलाय आणि डब्यातून एक माणूस गात जातोय, पैसे मागत. आमच्या वहीत या प्रसंगाचं पान सगळ्यात खोडाखोड झालेलं आहे. काकांचं म्हणणं, शरद त्याला ऐकतोय, आणि सबंध सिनेमात पहिल्यांदाच कान देऊन ऐकतोय. वहिनी म्हणते छे, इतकी वर्षं गाण्यात घालवलेल्या माणसाला समोरचं गाणं ऐकूच येत नाहीये. परवा पुन्हा लावला. पलुस्करांची फेरी झाली, फाळक्यांची झाली, चिवड्याचा डबा संपला. काका घरी जायला उठले, दारात चपला घालता घालता वळून म्हणाले, “वहिनीला सांग, ती मुलगी कुठे बघतेय ते बघा एकदा,” आणि जिना उतरून गेले.