खरिपाआधी ट्रॅक्टरचं ऑइल बदलताय? निघालेल्या काळ्या ऑइलची विल्हेवाट अशी लावा

मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणीचा पाऊस यायच्या आत, ट्रॅक्टरचं ऑइल बदलून घ्यायची घाई गावोगाव असते. ट्रॅक्टरबरोबर पॉवर टिलर, डिझेल इंजिन, फवारणीचा एचटीपी पंप, तण काढायचा पॉवर वीडर आणि दारातली मोटारसायकलही आलीच. ऑइल घरी बदलायला काहीच हरकत नाही. घोटाळा होतो तो निघालेल्या काळ्या ऑइलचा. ते बांधावर ओततात, उकिरड्यावर टाकतात, गवत मरावं म्हणून कुंपणाच्या कडेनं शिंपडतात, नाहीतर गोठ्यामागच्या नालीत सोडतात.

उन्हाळ्यात ते जमिनीनं पिऊन टाकल्यासारखं दिसतं. पण काळ्या रानाला या दिवसांत हात-दोन हात खोल भेगा पडलेल्या असतात. ऑइल त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. वर राहिलेलं मृगाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहत ओढ्याला लागतं. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टच्या कातळावर आहे आणि आपल्या विहिरींचं पाणी मुरमाच्या थरातून, कातळाच्या फटींतून येतं. फटीतून येणारं पाणी जाड मातीच्या थरातून गाळून येत नाही, त्यामुळे वर जे ओतलं ते खाली पोचायला फारसा अडथळा नसतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची जमीन, तिथे तर पाणी आणखी लवकर मुरतं. एका लिटर वापरलेल्या ऑइलनं दहा लाख लिटर पाणी खराब होऊ शकतं, असं प्रमाण अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. म्हणून हे काम पाऊस सुरू होण्याआधी नीट मार्गी लावा.

नवीन ऑइल आणि जुनं ऑइल यांत फरक काय, हेही समजून घ्या. इंजिनमध्ये अडीचशे तास फिरलेल्या ऑइलात काजळी असते, बेअरिंग आणि रिंगांची झीज होऊन आलेलं लोखंड, तांबं, शिसं, कथील, क्रोमियम असतं, मुळात मिसळलेलं जस्त आणि फॉस्फरस असतं, आणि जळण्यातून तयार झालेली कर्करोगकारक हायड्रोकार्बन संयुगं असतात. जमिनीत गेलं की ते मातीच्या कणांवर थर धरतं. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, बी उगवत नाही. मातीतले जिवाणू ते हळूहळू खातात खरे, पण त्यासाठी जमिनीतलं नत्र वापरतात आणि उगवलेलं पीक पिवळं पडतं. धातू तर जिवाणूंना खाताच येत नाहीत. ते तिथेच राहतात.

किती ऑइल निघतं

३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनातून साधारण साडेसहा ते साडेआठ लिटर ऑइल निघतं. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. पॉवर टिलरमधून अडीच-तीन लिटर, मोटारसायकलमधून एक लिटरच्या आसपास. एचटीपी पंप आणि वीडरमधून अर्धा-एक लिटर निघतं आणि सगळ्यात जास्त बेफिकिरीनं ओतलं जातं ते हेच, कारण 'एवढंसंच तर आहे' असं वाटतं. गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल एका वेळी कित्येक कॅन भरतील इतकं निघतं. ते काम काढायचं असेल तर रिकाम्या कॅनांची सोय आधी करा. खालचा, ऑइल सोडायचा प्लग उघडल्यावर भांडी शोधायची वेळ आली, तर ऑइल जमिनीवर गेलंच म्हणून समजा.

ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच बदलू नका. डिझेल इंजिनात नवीन ऑइलही थोड्याच तासांत काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पुस्तिकेतले तास आणि मीटरवरचे तास जुळवून बदला. बऱ्याच मॉडेलांना हे अंतर अडीचशे तास आहे, नव्या काही मॉडेलांना त्याहून जास्त. ऑइल विनाकारण लवकर बदललं नाही, तर पैसेही वाचतात आणि टाकायचं ऑइलही कमी होतं.

काढायची पद्धत

नवीन ऑइल ज्या कॅनमध्ये किंवा बादलीत आणलं, जुनं ठेवायला तेच भांडं सगळ्यात चांगलं. माप जुळतं, झाकण घट्ट बसतं, प्लास्टिक ऑइलला टिकणारं असतं. पण नवीन ऑइल इंजिनात भरेपर्यंत ते रिकामं होत नाही, म्हणून जुनं आधी तात्पुरतं पसरट भांड्यात काढावं लागतं. उथळ घमेल्यात ते उचलताना हिंदकळतं. त्यापेक्षा २० लिटरचा जाड प्लास्टिकचा कॅन आडवा पाडून वरची एक बाजू कापून घ्या. तोटी तशीच राहिल्यानं पुढे ओतायलाही सोपं जातं. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या गरम ऑइलनं मऊ पडून वाकतात. कीटकनाशकाचा, खाद्यतेलाचा किंवा दुधाचा कॅन तर कधीच घेऊ नका.

ट्रॅक्टर सपाट जागी, शक्यतो शेडच्या पक्क्या फरशीवर लावा. खाली ताडपत्री अंथरा आणि तिच्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती पसरा. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा, किल्ली काढा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. दहा मिनिटं थांबा. ऑइल हाताला सोसेल इतपत गरम हवं. थंड असेल तर गाळ तळाशी राहतो, फार गरम असेल तर मनगट भाजतं. नायट्रिलचे हातमोजे घाला. हे ऑइल सतत कातडीला लागणं चांगलं नाही, आणि ऑइलनं भिजलेला चिंधीचा बोळा पँटच्या खिशात ठेवायची सवय तर सोडाच.

वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करा, म्हणजे आत हवा जाऊन धार एकसारखी पडते. प्लग शेवटचे दोन आटे हातानं, वर दाबून धरत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या. नाहीतर प्लगही ऑइलात पडतो आणि पहिली धार कोपरापर्यंत येते. वीस-तीस मिनिटं निथळू द्या. प्लगचा तांब्याचा वॉशर दबलेला असेल तर नवा घाला. जुन्याच वॉशरमुळे पुढे महिनोन्‌महिने थेंब-थेंब ऑइल वावरात पडत राहतं.

फिल्टर हा बहुतेकांचा विसरलेला भाग. तो काढल्यावरही पोटात कपभर ऑइल धरून असतो. गोल डब्याचा, आट्यांवर बसणारा फिल्टर असेल तर त्याच्या बंद टोकाला खिळ्यानं भोक पाडा आणि कॅनवर तोंड खाली करून रात्रभर ठेवा. आतल्या झडपेमुळे भोक न पाडता ऑइल पूर्ण निघत नाही. निथळलेला फिल्टर पिशवीत बांधून ऑइलच्या कॅनबरोबरच द्या. पाचट पेटवताना त्यात फेकू नका. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा ऑइलमधून गाळणाऱ्या डब्याच्या, वाटीतलं चिखलासारखं ऑइलही असंच गोळा करायचं. त्या वाटीत इंजिनमधून निघालेलं काळं ऑइल भरायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती चुकीची आहे. तिथे स्वच्छ ऑइलच लागतं.

झाकण लावण्याआधी ऑइलकडे एकदा नीट पाहा. दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी आहे, म्हणजे हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबर तपासायला हवेत. पातळ आणि डिझेलचा वास येणारं असेल तर फीड पंप किंवा नोझल गळतंय. बोटांमध्ये चोळल्यावर चमचम दिसली तर बेअरिंगकडे लक्ष द्या. पेरणीच्या ऐन घाईत इंजिन बसण्यापेक्षा हे आत्ता कळलेलं बरं.

काहीही मिसळू नका

स्वच्छ, एकट्या काळ्या ऑइलाला किंमत आहे, कारण त्याचं पुनर्शुद्धीकरण करून पुन्हा वंगण तयार होतं. त्यात पाणी, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं कूलंट, सुटे भाग धुतलेलं रॉकेल, पेट्रोल किंवा फवारणीच्या औषधाचा उरलेला घोट पडला, की तो सगळा कॅन नाकारला जातो. अर्धा लिटर कूलंटपायी पूर्ण ड्रम वाया जातो. कूलंट तर वेगळ्याच कारणासाठी जपा. ते चवीला गोड असतं आणि कुत्रं, मांजर, शेळी ते पिऊन मरतात.

कॅन काठोकाठ भरू नका, दोन-तीन बोटं जागा सोडा. वर रंगानं ठळक लिहा : 'जुनं इंजिन ऑइल', तारीख आणि लिटर. काळं ऑइल दिसायला काकवीसारखंच, त्यामुळे लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. छपराखाली, पक्क्या जमिनीवर, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून साठवा. चूल, कडब्याची गंजी, पेंड, बियाणं यांपासून दूर. १३:००:४५ सारखी नायट्रेटची विद्राव्य खतं जवळ नकोत. ती आग भडकवतात.

२०० लिटरचा ड्रम उघड्यावर उभा ठेवला, तर पावसाचं पाणी वरच्या कडेच्या आत साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार होतो आणि आत ओढ बसून बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत शिरतं. बूच घट्ट असूनही ऑइलात पाणी कसं आलं, याचं उत्तर बहुधा हेच असतं. ड्रम छपराखाली ठेवा. ते जमत नसेल तर आडवा ठेवून दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा फिरवा.

द्यायचं कुणाला

वापरलेलं ऑइल हा २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचरा आहे आणि तो अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ठराविक प्रमाणात वापरलेलं ऑइल पुनर्शुद्धीकरणाला जाईल याची जबाबदारी टाकली आहे. शेतकऱ्यासाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे ट्रॅक्टरच्या डीलरचं सर्व्हिस सेंटर. तिथे ड्रम भरतच असतो. आधी फोन करून विचारा, आणि नवीन ऑइल-फिल्टर आणायला जाल तेव्हा जुना कॅन बरोबर न्या. गावातल्या गॅरेजला देत असाल, तर त्यांचा ड्रम पुढे कुठे जातो हे जरूर विचारा. अधिकृत संकलकांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात मिळते, गोव्यात तिथल्या राज्य मंडळाकडे.

सात लिटरसाठी कुणी गाडी घेऊन येणार नाही, ड्रमसाठी येतं. वर्षाला साडेसातशे तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचं ऑइल तीनदा बदललं तर साधारण २२ लिटर निघतं. असे दहा ट्रॅक्टर म्हणजे वर्षाचा एक ड्रम. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेनं हे हाती घ्यायला हवं. मात्र अनेकांचं ऑइल एका जागी साठवण्याआधी परवानगीबद्दल मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या.

दारात येऊन जास्त भाव देणाऱ्याला देताना सावध राहा. काळं ऑइल जुजबी गाळून, नव्या डब्यात भरून बनावट ऑइल म्हणून विकलं जातं आणि ते आपल्याच इंजिनात परत येतं. म्हणून वापरात नसलेले कंपनीचे रिकामे डबे भंगारात देण्याआधी उपडे करून निथळा आणि त्यांना भोक पाडा. वीटभट्टीला किंवा गुऱ्हाळाला जळण म्हणूनही देऊ नका. तिथल्या आचेवर ते पुरतं जळत नाही, धातू आणि काजळी धुरातून बाहेर पडतात, आणि गुऱ्हाळात तो धूर उघड्या काहिलीवरच उतरतो.

हे 'घरगुती उपयोग' बंद करा

बैलाच्या खांद्याच्या जखमेवर, गोचिडांवर काळं ऑइल लावणं थांबवा. जनावर ते चाटतं, कातडी सोलवटते, आणि ऑइल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. उघड्या भांड्यातलं ऑइल गाई-म्हशी चवीनं पितात, हेही ध्यानात ठेवा. जखमेवर आणि गोचिडांवर पशुवैद्य देतील तेच औषध लावा.

फळझाडांच्या खोडाला ऑइल फासल्यानं कोवळ्या झाडाची साल मरते. वाळवीचे मातीचे पट्टे खरडून काढा. बुरशी आणि डिंक्यासाठी पावसाआधी बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, पाच-पाच लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं घेऊ नका.

डासांसाठी डबक्यात ऑइल ओतण्याऐवजी डबकं वाहतं करा, आठवड्यातून एकदा टाक्या-पिंप कोरडे करा, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. नांगराच्या फाळाला गंज नको असेल तर ग्रीसचा हात फिरवा, किंवा नवीन ऑइलचा रिकामा डबा उपडा ठेवून निथळलेले चार चमचे वापरा.

सांडलंच तर

फरशीवर सांडलं तर भुसा किंवा कोरडी माती टाकून केरसुणीनं घासा, गोळा करा, पुन्हा टाका. साबणाच्या पाण्यानं धुऊ नका, त्यानं ऑइल नाहीसं होत नाही, पाण्यात मिसळून नालीतून पुढे जातं. असा भुसा आणि चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून कॅनबरोबरच द्या.

मातीत सांडलं तर पाऊस यायची वाट पाहू नका. वास आणि काळपटपणा संपेपर्यंत माती खोदून ताडपत्रीवर काढा आणि झाका. खड्ड्यात नवी माती, शेणखत भरा आणि त्या जागी या हंगामात भाजीपाला लावू नका.

विहिरीत गेलं असेल तर मोटर सुरू करू नका. ऑइल वर तरंगतं तोवर काढता येतं, फूटव्हॉल्व्हनं खेचलं की सगळ्या पाइपलाइनला लागतं. मग सँड फिल्टरची वाळू तेलकट होते आणि ठिबकची ड्रिपर बंद पडतात. कापसाचे किंवा कोरड्या पेंढ्याचे गठ्ठे दोरीनं सोडून पृष्ठभागावर फिरवा, तेलकट झाले की बदला. तवंग दिसेनासा होईपर्यंत हे करत राहा, आणि पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.