रानपिंगळा नजरेतून निसटू नये म्हणून

१८८४ नंतर खात्रीशीर नोंद नसलेला रानपिंगळा, म्हणजे जंगलात राहणारे एक छोटे घुबड, १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड मेनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातून चोरलेल्या या पक्ष्याच्या नमुन्यावर गुजरातेतील खोटे ठिकाण लिहिले होते आणि त्यामुळेही शोध भरकटला होता; म्हणून जुनी नोंद कितपत विश्वासार्ह आहे, हे आधी पाहावे.

तोरणमाळ किंवा यावलच्या सागवानी जंगलात पानगळीनंतर, सकाळी उन्हे वर आल्यावर जावे, कारण हा पक्षी दिवसाही शिकार करतो आणि निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो. खरी अडचण ओळखण्याची आहे. गावाकडचा नेहमीचा पिंगळा समजून लोक दुर्बीण खाली ठेवतात. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते पुसट असतात, छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र असतो आणि शेपटीवर रुंद आडवे पट्टे दिसतात. म्हणून प्रत्येक पिंगळ्याचे डोके आणि पोट सावकाश पाहावे.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या काळात तर मुळीच नाही. पक्षी न दिसल्यास तारीख, वेळ व ठिकाणासह तशीही नोंद ठेवावी.