शास्त्रीय नाव शेवटाकडून कसं वाचावं?

वनस्पतीचं किंवा प्राण्याचं शास्त्रीय नाव दिसलं की बहुतेक जण पहिल्या अक्षरापासून अडखळत सुरुवात करतात आणि अर्ध्यावर सोडून देतात. माझं सांगणं असं की आधी शेवट बघा. नावं लाखोंनी आहेत, पण त्यांचे शेवट मोजके आहेत. त्यातले पंधरा-वीस ओळखीचे झाले की एरवी परकं वाटणारं नाव बरंच काही सांगू लागतं. नावाचं रोमन स्पेलिंग मात्र समोर असू द्या, कारण देवनागरीत लिहिताना काही महत्त्वाचे फरक पुसले जातात.

आधी शब्द मोजा

दोन शब्द असतील तर ते एका जातीचं नाव. पहिला शब्द प्रजातीचा (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा), मोठ्या अक्षराने सुरू होणारा. दुसरा कायम लहान अक्षराने. तीन शब्द असतील तर बहुधा उपजाती. मोठ्या अक्षराने सुरू होणारा एकच शब्द असेल तर ती प्रजाती तरी असेल किंवा तिच्या वरची पातळी: कुल (प्रजातींचा गट), गण (कुलांचा गट) वगैरे.

एकच शब्द असेल तर पातळी ओळखा

शेवटी ए-सी-ई-ए-ई असेल तर ते वनस्पतींचं कुल: रोझेसी, सोलॅनेसी, पोएसी. आय-डी-ए-ई असेल तर प्राण्यांचं कुल: फेलिडी (मांजरांचं), कॅनिडी (कुत्र्यांचं). या दुसऱ्या प्रत्ययाचं मूळ ‘अमक्याचा वंशज’ अशा अर्थाच्या ग्रीक प्रत्ययात आहे, म्हणून तो कुलाला शोभतोही. प्राण्यांत आय-एन-ए-ई म्हणजे उपकुल. वाघ-सिंह ज्यात येतात ते पँथेरिनी हे फेलिडीचं उपकुल. वनस्पतींचे गण ए-एल-ई-एस ने संपतात (रोझेलीझ), तर पक्ष्यांचे आणि बऱ्याच माशांचे ‘-इफॉर्मिस’ने, स्ट्रिजिफॉर्मिस म्हणजे घुबडांचा गण. सस्तन प्राण्यांच्या गणांना असं ठरलेलं शेपूट नाही, तिथे शोधत बसू नका.

प्रत्यय काढून टाका, की ज्या प्रजातीवरून कुलाला नाव मिळालं ती सहसा हाती लागते. रोझेसीतून रोझा, म्हणजे गुलाब. कधी मूळ शब्द थोडा बदललेला असतो: बॉसपासून (गाय-बैलांची प्रजाती) बोव्हिडी, होमोपासून (माणसाची प्रजाती) होमिनिडी. आपल्याकडे प्रत्यय लागताना ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं, ही नावं ज्या भाषेच्या नियमांनी चालतात त्या लॅटिनमध्येही नामाचं असंच सामान्यरूप होतं आणि कुलाचा प्रत्यय त्यालाच जोडला जातो.

आता एक जोडी अगदी जवळून बघू. पॅपिलिओनॉइडिया आणि पॅपिलिओनॉइडी. पहिल्याच्या शेवटी ओ-आय-डी-ई-ए, दुसऱ्याच्या शेवटी त्याच अक्षरांपुढे आणखी एक ई. पहिलं फुलपाखरांचं अधिकुल (कुलाच्या वरची पातळी) आहे. दुसरं वाटाणा-घेवड्याच्या कुलातलं उपकुल, आणि त्यालाही फुलपाखराचंच नाव मिळालं, कारण त्यांची फुलं फुलपाखरासारखी दिसतात. एका ई ने राज्यही (प्राण्यांचं की वनस्पतींचं) बदललं आणि पातळीही! असं होतं कारण वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाच्या नियमावल्या वेगवेगळ्या आहेत. दोन्हींची सुरुवात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसच्या ग्रंथांपासून धरतात, पण वनस्पतींसाठी साधारणपणे १७५३ चा ग्रंथ आणि प्राण्यांसाठी १७५८ चा. म्हणून शेपूट वाचताना आपण कोणत्या राज्यात आहोत हे आधी पक्कं करा.

जुन्या पुस्तकांत ग्रॅमिनी, कंपॉझिटी, लेग्युमिनोसी अशी नावं भेटली तर गोंधळू नका. वनस्पतींच्या आठ कुलांना त्यांची जुनी नावं वापरायची मुभा आजही आहे, आणि ती वरच्या नियमात बसत नाहीत.

दोन शब्द असतील तर दुसऱ्याचं लिंग बघा

मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, आणि मराठी माणसाला तो सोपा जायला हवा. पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू हे आपण विचार न करता म्हणतो. लॅटिनमध्येही तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलतं. केशर क्रोकस सॅटिव्हस, भात ओरायझा सॅटिव्हा, लसूण ॲलियम सॅटिव्हम. विशेषण एकच, अर्थ ‘लागवडीचा’. यू-एस पुल्लिंगी, ए स्त्रीलिंगी, यू-एम नपुंसकलिंगी. काही विशेषणांना दोनच रूपं असतात: पुल्लिंगी-स्त्रीलिंगी आय-एस आणि नपुंसकलिंगी ई. आल्याचं नाव झिंजिबर ऑफिसिनाले आहे, ‘ऑफिसिनालिस’ नाही, ते यामुळेच. आणि आपल्या ‘हुशार’सारखी न बदलणारीही असतात, उदाहरणार्थ सेपियन्स.

म्हणूनच प्रजाती बदलली की शेवटही बदलतो. हिमघुबड पूर्वी निक्टिया स्कँडिॲका होतं. ते बुबो प्रजातीत हलवलं, आणि बुबो पुल्लिंगी असल्यामुळे ते बुबो स्कँडिॲकस झालं. दोन पुस्तकांत शेवटाची अक्षरं वेगळी दिसली तर छपाईची चूक समजण्याआधी पहिला शब्द तपासा.

एक चकवा: लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात, शेवटी यू-एस असला तरी. पिंपळ फायकस रिलिजिओसा आहे, ‘रिलिजिओसस’ नाही.

दुसरा शब्द विशेषण नसून नाम असेल तर तो बदलत नाही. पँथेरा लिओमधला लिओ म्हणजे नुसता ‘सिंह’.

कुणाचं, कुठलं?

शेवटी आय असेल तर बहुधा एखाद्या पुरुषाच्या नावाची षष्ठी. इक्वस ग्रेव्हिआय हा झेब्रा फ्रान्सचे अध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांच्या नावाचा. ए-ई असेल तर स्त्रीच्या नावाची: एथोपायगा गोल्डिई हा सूर्यपक्षी चित्रकार एलिझाबेथ गोल्ड यांच्या नावाचा. ई-एन-एस-आय-एस (नपुंसकलिंगी ई-एन-एस-ई) म्हणजे ‘तिथला’. ‘तिथे’ म्हणजे देशच असं नाही. ट्रायफोलियम प्राटेन्सेमधलं प्राटेन्से म्हणजे ‘कुरणातलं’.

मात्र नावातल्या गावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जोजोबाचं नाव सिमंड्सिया चायनेन्सिस, पण ते झुडूप उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातलं. हसऱ्या कूकाबुराच्या नावात न्यू गिनी आहे, आणि पक्षी मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. एकदा दिलेलं नाव केवळ अर्थ चुकला म्हणून बदलता येत नाही.

अर्थाचे शेवट

‘-प्टेरा’ म्हणजे पंख: डिप्टेरा दोन पंखांच्या माश्या, कोलिऑप्टेरा म्यानासारखे कडक पंख असलेले भुंगेरे. पण कायरोप्टेरा कीटक नाहीत, ती वटवाघळं. ‘-ऑइडिस’ म्हणजे ‘सारखा’, ‘-फिलस’ म्हणजे पानाचा.

आता सरावाला फणस घ्या: आर्टोकार्पस हेटेरोफिलस. शब्द दोन, म्हणजे जाती. दुसऱ्याच्या शेवटी फिलस, म्हणजे पानांबद्दल काही आहे. हेटेरो म्हणजे वेगवेगळं. कोवळ्या फांद्यांवरची पानं खाचांची असतात, मोठ्या झाडाची अखंड, त्यावरून हे नाव. पहिल्या शब्दात आर्टो म्हणजे पाव, कार्पस म्हणजे फळ. झाड असूनही विशेषण पुल्लिंगी का, हा प्रश्न तुम्हाला इथे पडायलाच हवा. ‘फळ’ या अर्थाचा ग्रीक शब्द कार्पोस पुल्लिंगी आहे, आणि जोडशब्दाचं लिंग त्याच्या शेवटच्या पदावरून ठरतं.