पहिल्या ऑन-कॉल ड्युटीआधी ग्राफानात काय काय करून ठेवायचं

या आठवड्यापासून ज्यांच्या गळ्यात लिनक्स सर्व्हरची ऑन-कॉल ड्युटी (म्हणजे अलर्ट वाजला की रात्री-अपरात्रीही उठून बघायची पाळी) पडलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सेटअप नेहमीचाच धरलाय, म्हणजे प्रत्येक मशीनवर नोड एक्सपोर्टर हा छोटा प्रोग्रॅम, तो ९१०० पोर्टवर मशीनचे आकडे देतो, प्रोमिथियस ते उचलून साठवतो, आणि ते आलेखात बघायला ग्राफाना, त्यातही बऱ्याच ठिकाणी असतो तोच १८६० नंबरचा ‘नोड एक्सपोर्टर फुल’ डॅशबोर्ड. तो उघडला की ढीगभर पॅनल, म्हणजे आलेखांचे चौकोन, एकदम अंगावर येतात आणि रात्री दोनला अलर्ट वाजल्यावर सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. म्हणून कुठलं पॅनल कशानंतर बघायचं हे आधीच, दिवसाउजेडी ठरवून ठेवायचं. आणि नुसतं वाचू नका, समोर डॅशबोर्ड उघडून हाताने करत करत पुढे जा.

लॉगिन, व्हीपीएन, ओटीपी हे सगळं घरच्या नेटवरून चालतंय का ते आजच बघा. ऑफिसात चालतं म्हणजे घरी चालेलच असं नाही.

मग टाइमझोन. ग्राफाना सहसा तुमच्या ब्राउझरची वेळ दाखवतो, म्हणजे आपल्याकडे भारतीय वेळ, पण सर्व्हरवरचे लॉग बरेचदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि मध्ये साडेपाच तासांचा फरक. रात्री दोनचा स्पाइक लॉगमध्ये आदल्या तारखेच्या २०:३० ला सापडणार, ते पण सापडला तर! वेळ निवडायच्या त्या बॉक्समध्येच टाइमझोन बदलता येतो, तेव्हा टीम कुठला वापरते ते विचारून तोच लावा, चॅटवर वेळ लिहितानाही सोबत झोन लिहायची सवय लावून घ्या.

आता वेळेची रेंज, यात बरेच जण फसतात. आलेखाला रुंदीइतकेच पॉइंट मिळतात, त्यामुळे महिनाभराचा डेटा हजारेक पॉइंटांत बसवला की एकेक पॉइंट जवळपास पाऊण तासाचा होतो आणि दोन मिनिटं सीपीयू शंभर टक्क्याला गेलेला त्या सरासरीत विरघळून जातो, वरून दिसतं सगळं छान गुळगुळीत. म्हणून घटनेच्या आसपासचा तास-अर्धा तास माउसने ओढून झूम करायचं, आणि परत बाहेर यायला टी आणि मग झेड ही बटणं. पॅनलवर माउस ठेवून व्ही दाबलं की ते पूर्ण स्क्रीनवर येतं, ई दाबलं की एडिटमध्ये जातं, तिथे चुकून गेलात तर काही सेव्ह न करता बाहेर या. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये क्रॉसहेअर शेअर करायचा पर्याय असतो तो आधीच चालू करून घ्या, म्हणजे सीपीयूच्या आलेखावर माउस नेला की त्याच क्षणी डिस्कवर आणि नेटवर्कवर काय चाललं होतं ते रेघेवर दिसतं. माझ्या मते या स्क्रीनवरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

वरच्या ड्रॉपडाउनमधून मशीन निवडताना नाव दोनदा वाचा. स्टेजिंगचा (चाचणीच्या मशीनचा) आलेख बघून प्रॉडक्शन (खरं चालू असलेलं) निवांत आहे म्हणून सांगणारे लोक असतात.

हे झालं की आपल्या महत्त्वाच्या मशीनचं नेहमीचं रूप बघून ठेवायचं, म्हणजे सोमवार सकाळ, दुपार, आणि रात्रीचा बॅकअप चालू असतानाची वेळ. रोज रात्री एकला डिस्क अशीच उसळते हे माहीत नसेल तर तिच्यामागे उगाच तासभर घालवाल. काही चांगले स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो, कुणी मुदत वाढवली नसेल तर मागच्या महिन्याशी तुलना करायला हातात काहीच नसतं.

आता अलर्ट आल्यावरचा क्रम. आलेखात खंड पडलाय का ते पहिलं बघायचं. खंड म्हणजे शून्य नव्हे, प्रोमिथियसला त्या वेळी आकडे मिळालेच नाहीत एवढाच त्याचा अर्थ. मशीन बंद असेल, नेटवर्क गेलं असेल किंवा मशीन इतकं दमलं असेल की एक्सपोर्टर वेळेत उत्तर देऊ शकला नाही, म्हणून खंडाच्या आधीची पाच-दहा मिनिटं नीट बघा.

मग सीपीयू, पण एकूण टक्का नाही, त्याचे भाग. लेजंडमधल्या, म्हणजे आलेखासोबतच्या यादीतल्या, नावावर क्लिक केलं की तेवढीच रेघ उरते. युजर वाढलाय म्हणजे ॲप्लिकेशन खरंच काम करतंय, आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) वाढलाय तर डिस्ककडे जा, आणि स्टील वाढलाय तर तुमच्या व्हर्च्युअल मशीनच्या वाट्याचा वेळ खालचा हायपरव्हायजर (एका खऱ्या मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या कुणाला देतोय, मग मशीनच्या आत कितीही शोधलंत तरी हाती काही लागत नाही. आठ कोअरच्या मशीनवर एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसतो, त्यामुळे ‘सीपीयू तर रिकामाच आहे’ म्हणण्याआधी कोअरवार बघा.

लोड ॲव्हरेज, म्हणजे सरासरी किती प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) काम करताहेत किंवा खोळंबलेत तो आकडा, बघून लगेच घाबरायचं नाही. लिनक्समध्ये त्यात सीपीयूसाठी थांबलेले प्रोसेस असतातच, शिवाय डिस्ककडून किंवा एनएफएसकडून (नेटवर्कवरच्या फाइल साठ्याकडून) उत्तर यायची वाट बघत अडकलेलेही मोजतात. चार कोअर, लोड बारा आणि सीपीयू अर्धा रिकामा असं दिसलं तर बहुतेक वेळा गडबड स्टोरेजमध्ये असते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० किंवा नंतरचा असेल तर प्रेशरचे आकडेही मिळू शकतात, सीपीयू, मेमरी की आयओ, नेमकं कशासाठी काम खोळंबलंय ते त्यात वेगवेगळं कळतं, तेव्हा ते पॅनल भरलेलं आहे का बघून ठेवा.

मेमरीत ‘फ्री’ कमी दिसणार, ते ठीक आहे, कर्नल रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतो. बघायचं ते ‘अव्हेलेबल’. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) किती वापरलाय यापेक्षा आत्ता स्वॅपमधून ये-जा किती चाललीय ते महत्त्वाचं, कधीतरी बाहेर टाकलेली पानं (मेमरीचे तुकडे) तिथे नुसती पडून असली तर काही बिघडत नाही. ओओएम किलचा काउंटर एकाने जरी वाढला असेल तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने कुठल्या तरी प्रोसेसला मारलंय, कुणाला ते कर्नल लॉगमध्ये.

डिस्कमध्ये जागा आणि आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद, त्यांची संख्या ठरलेली असते) दोन्ही बघायचे, कारण लाखो बारक्या फाइल झाल्या की जागा असूनही ‘जागा नाही’ असा एरर येतो. एसएसडीवर युटिलायझेशन शंभर टक्के दिसलं म्हणून डिस्क संपली असं नसतं, ती एका वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळते, म्हणून एका रिक्वेस्टला सरासरी किती मिलिसेकंद लागताहेत ते पॅनल उघडा. नेटवर्कमध्ये एरर, ड्रॉप (वाटेत टाकून दिलेली पॅकेट) आणि टीसीपी रिट्रान्समिट (परत पाठवावी लागलेली पॅकेट) एवढं बघितलं तरी सुरुवातीला पुरे.

एक गोष्ट मात्र या डॅशबोर्डवर शोधत बसू नका. कुठल्या प्रोसेसने हे केलं ते नोड एक्सपोर्टर सांगत नाही. त्यासाठी मशीनवर जाऊन टॉप किंवा पिडस्टॅट या कमांड लागणार, म्हणजे एसएसएचचा (दुरून मशीनवर लॉगिन करायचा) ॲक्सेस आत्ताच तपासा, आणि घटना होऊन गेल्यावर बघायचं असेल तर एटॉप हा प्रोग्रॅम आधीपासून नोंद करत असायला हवा, आयत्या वेळी इन्स्टॉल करून मागचं दिसत नाही. सार या कमांडचे (ती सिसस्टॅट पॅकेजमध्ये येते) आकडे सहसा दहा-दहा मिनिटांचे असतात आणि ते मशीनचे असतात, प्रोसेसचे नाही, पण प्रोमिथियसच पडला असेल तर तेवढाच आधार. उबंटू-डेबियनवर सिसस्टॅट टाकलेलं असलं तरी गोळा करणं खरंच चालू आहे का तेही बघा.

शेवटी शेअरची लिंक एकदा बनवून बघा. वेळेची रेंज लॉक करायचा पर्याय चालू ठेवायचा, नाहीतर तुम्ही पाठवता ‘गेला एक तास’ आणि समोरचा सकाळी नऊला उघडतो तेव्हा त्याला दिसतो आठ ते नऊ. ती लिंक, मशीनचं नाव, झोनसकट वेळ आणि काय दिसलं त्याची एक ओळ, एवढं टेम्प्लेट नोटपॅडमध्ये आधीच लिहून ठेवा, खाली डेटाबेसवाल्यांचा आणि नेटवर्कवाल्यांचा रात्री उचलला जाणारा नंबर.